गोराईच्या वाडीतील ठिबक संच
गोराईला एका बाजूने खाडी आणि दुसऱ्या बाजूने समुद्र असल्यामुळे विहिरीचे गोडे पाणी बेसुमार उपसले की त्याच्या जागी खारे पाणी आत सरकते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर सहजासहजी सुधारत नाही. म्हणूनच बोरिवलीच्या एका दुकानातून भाजीच्या वाडीसाठी घेतलेला ठिबक संच मला केवळ मजुरी वाचवणारी सोय वाटत नाही. १६ मिमी व्यासाच्या नळीवरील ड्रिपर तासाला ४ लिटर पाणी थेट मुळांशी सोडतात, त्यामुळे ओळींमधली जागा कोरडी राहते, तण कमी उगवते आणि दिलेले खत वाहून जात नाही. वांगी व मिरचीसाठी संच उत्तम आहे. दाट पेरलेल्या पालेभाजीला मात्र तुषार सिंचनच बरे. दुकानदारांनी जाळीचा फिल्टर दिला, परंतु शेवाळ असलेल्या विहिरीला वाळूचा फिल्टर लागतो, हे त्यांनी आपणहून सांगायला हवे होते. क्षार साचून छिद्रे बुजू नयेत म्हणून नळ्यांची टोके उघडून त्या नियमितपणे धुवाव्या लागतात. नळी भर उन्हातही तडकलेली नाही. शेजारच्या वाडीवाल्यांना मी हाच संच सुचवला आहे. फिल्टर तेवढा बदलून घ्यावा.