स्टार्चची साखर करायची आहे: अल्फा, बीटा की ग्लुकोअमायलेज?

स्टार्च फोडून साखर करणारे एन्झाइम हवे असले की बहुतेक जण ‘अमायलेज द्या’ म्हणून मोकळे होतात. पण अमायलेज हे एकाचे नाव नाही, कुळाचे आहे, आणि या कुळातल्या प्रत्येकाची तोडण्याची रीत वेगळी. म्हणून आधी ठरवायचे ते हे, की शेवटी भांड्यात काय हवे: पातळ झालेली खळ, माल्टोज (दोन ग्लुकोज जोडून झालेली साखर), की ग्लुकोज? ते ठरवल्याशिवाय केलेली खरेदी बहुधा चुकते.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे मणी गुंफलेल्या साखळ्या. बहुतेक स्टार्चमध्ये साधारण पाव हिस्सा अमायलोज असते, जवळजवळ सरळ धाग्यासारखे. उरलेले अमायलोपेक्टिन झाडासारखे फांद्या फुटलेले, दर २४ ते ३० ग्लुकोजमागे एक फांदी. सरळ भागातल्या बंधांना अल्फा-१,४ म्हणतात, फांदीच्या बेचक्यातल्या बंधाला अल्फा-१,६. या बेचक्यापाशी आल्यावर कोण थांबते, कोण वळसा घालते आणि कोण ती तोडते, हाच या एन्झाइमांमधला खरा फरक.

अल्फा-अमायलेज साखळीच्या मधल्या भागात कुठेही घाव घालते. बेचकी त्याला तुटत नाही, पण तिच्या अलीकडे आणि पलीकडे ते तोडू शकते. लांब साखळ्यांचे तुकडे झाले की घट्ट खळ काही मिनिटांत पाण्यासारखी वाहू लागते. पाहणाऱ्याला वाटते, काम झाले. आयोडीनचा थेंब टाकावा तर निळ्याचा जांभळा, मग तांबूस रंग येतो आणि शेवटी काहीच रंग येत नाही. इथेच अनेक जण फसतात. आयोडीनला रंग येण्यासाठी साखळीचा बऱ्यापैकी लांब वेटोळा लागतो. रंग गेला याचा अर्थ एवढाच, की तेवढ्या लांबीची साखळी उरली नाही. उरलेला माल बहुतांशी डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे, असू शकतो, आणि डेक्स्ट्रिनला गोडी जवळजवळ नसते. कारखान्यात हे डीई (डेक्स्ट्रोज इक्विव्हॅलंट) या मापाने मोजतात: शुद्ध ग्लुकोजचा डीई १००, अखंड स्टार्चचा जवळपास शून्य. पातळ करण्याचा टप्पा संपतो तेव्हा डीई साधारण ८ ते १२ असतो. म्हणजे खळ पाण्यासारखी झाली तरी साखरेचा बराच पल्ला बाकी असतो. आयोडीनवर विसंबून पुढचा टप्पा गाळू नये, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

अल्फातही दोन जाती वेगळ्या ओळखायला हव्यात. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूपासून मिळणारे अल्फा-अमायलेज उष्णतेला दाद देत नाही. १०५ अंश सेल्सिअसला काही मिनिटे आणि नंतर ९५ अंशांना तास-दोन तास ते काम करते. कॅल्शियमचे आयन त्याला आधार देतात, त्यामुळे अगदी मृदू पाण्यात ते लवकर खचू शकते. कच्च्या स्टार्चचे कण उष्णतेने फुगून फुटल्याशिवाय एन्झाइमला आत वाट मिळत नाही, म्हणून ही उष्णता सोसण्याची ताकद फार मोलाची. अॅस्परजिलस ओरायझी या बुरशीचे अल्फा-अमायलेज नाजूक. ते ५० ते ५५ अंशांवर रमते, पण माल्टोजपर्यंत बरेच पुढे जाते. पावाच्या कणकेत बुरशीचेच घ्यावे. ते भाजताना निकामी होते. जिवाणूचे मात्र भट्टीतूनही थोडे तग धरून राहते आणि पाव आतून चिकट होतो.

बीटा-अमायलेज वनस्पतींमध्ये भरपूर असते: बार्ली, सोयाबीन, रताळे. ते साखळीच्या टोकाकडून दोन-दोन ग्लुकोज तोडत जाते आणि प्रत्येक तुकडा म्हणजे माल्टोज. फांदीजवळ आले की थांबते, म्हणून अमायलोपेक्टिनपासून एकट्याने ते साधारण ५५ ते ६० टक्केच माल्टोज काढते. उरतो तो बीटा-लिमिट डेक्स्ट्रिन. नावांतल्या ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ने गोंधळू नका. ही गुणवत्तेची श्रेणी नाही आणि तोडलेल्या बंधाचेही नाव नाही. दोन्ही अल्फा-१,४ बंधच तोडतात. सुटून येणारी साखर कोणत्या रचनेत बाहेर पडते, त्यावरून ही नावे आली.

ग्लुकोज हवे असेल तर ग्लुकोअमायलेजला पर्याय नाही. बहुधा अॅस्परजिलस नायजरपासून मिळणारे हे एन्झाइम टोकाकडून एकेक ग्लुकोज सोडवते आणि बेचकीतला अल्फा-१,६ बंधही तोडते, फक्त तिथे फार सावकाश. त्याला ६० अंश तापमान आणि ४.२ ते ४.५ सामू (पीएच) लागतो, म्हणजे आधीच्या टप्प्यापेक्षा बरेच आंबट. वेळ एक ते तीन दिवस. आधी अल्फाने तुकडे केलेले असले की त्याला कुरतडायला खूप टोके मिळतात, म्हणून ही जोडी तोडू नये. यातून ९५ टक्क्यांच्या आसपास ग्लुकोज मिळते. प्रत्येक बंध तुटताना पाण्याचा एक रेणू जोडला जात असल्याने, पूर्ण रूपांतर झाले तर १,००० ग्रॅम कोरड्या स्टार्चचे १,१११ ग्रॅम ग्लुकोज होते. हिशेब मांडताना हा वाढीव भाग विसरू नये. आणि वेळेवर थांबावे. दाट द्रावण जास्त काळ ठेवले तर तेच एन्झाइम ग्लुकोजचे रेणू पुन्हा जोडून आयसोमाल्टोज करू लागते.

पुल्युलनेज हे आणखी एक एन्झाइम फक्त बेचक्या तोडते. एकटे घेऊन उपयोग नाही. बीटाबरोबर दिले तर माल्टोज ८० टक्क्यांपर्यंत चढते, ग्लुकोअमायलेजबरोबर दिले तर वेळ वाचतो.

माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले बार्लीसारखे धान्य, वापरणाऱ्यांना अल्फा आणि बीटा दोन्ही आपोआप मिळतात. पायां आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये माल्टमधून ‘डायस्टेज’ वेगळे केले, तेही प्रत्यक्षात मिश्रणच होते. बीटा दाण्यात आधीपासून साठवलेले असते, अल्फा मोड येताना नव्याने तयार होते. म्हणून मोड न आलेल्या दाण्याकडून अल्फाची अपेक्षा धरू नये. ६२ ते ६५ अंशांवर ठेवले तर बीटा टिकून भरपूर माल्टोज मिळते. ७० च्या पुढे बीटा झपाट्याने मरते, अल्फा मात्र चालू राहते आणि डेक्स्ट्रिन जास्त उरते. यीस्टला आंबवायला माल द्यायचा असेल तर खालचे तापमान निवडा.

गोडीसाठी साखर हवी असेल तर मी ग्लुकोअमायलेजच्या बाजूने. ग्लुकोजची गोडी नेहमीच्या साखरेच्या सुमारे पाऊणपट, माल्टोजची निम्म्याहून कमी. पण घट्ट ग्लुकोज लवकर दाणेदार होते. पाक गोठू नये, गोडी सौम्य राहावी असे वाटत असेल तर माल्टोजचा मार्ग बरा. मद्यार्कासाठी ग्लुकोअमायलेज आणि यीस्ट एकत्र ३० ते ३५ अंशांवर चालवता येतात. वेग कमी पडतो, पण ग्लुकोज सुटताच यीस्ट ते खाते आणि साठून उलटे जोडले जात नाही.

खरेदी करताना ‘युनिट’चे आकडे एकमेकांशी ताडू नका. प्रत्येक उत्पादकाची युनिटची व्याख्या, तापमान आणि सामू वेगळा असू शकतो. आपलेच स्टार्च थोडेसे घेऊन दोन्ही उत्पादकांचे नमुने एकाच तापमानाला चालवावेत, दर काही तासांनी ग्लुकोज मोजून आलेख काढावा. तो जिथे सपाट होतो, तिथे पुढच्या वेळी उष्णता देऊन एन्झाइम बंद करावे.