रॉ वीगन आठवडा: तीन दिवस पुरे, मिक्सरही पुरे

कच्चा वीगन आहार हल्ली आठवड्याच्या पॅकेजमध्ये विकला जातो. रोजचा डबा, रसाच्या बाटल्या आणि वर ‘डिटॉक्स’चं, म्हणजे शरीरातली विषं बाहेर काढण्याचं, लेबल. तोच आहार घरच्या घरी केला तर कसा पडतो, त्याचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगतो: तीन दिवस सहज निभतात, सात दिवसांना हिशेब लागतो आणि डिटॉक्सच्या दाव्याला शून्य गुण. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं बारा महिने करतच असतात.

नियम दोनच. प्राणिज काही खायचं नाही आणि साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवलेलं काही खायचं नाही. म्हणजे दूध, दही, तूप आणि मध बाद, आणि फोडणीही बाद. इथे बऱ्याच जणांची फसगत होते ती पोह्यांशी. दडपे पोहे गॅसवर चढत नाहीत म्हणून कच्चे वाटतात. पण पोहे करताना साळ गरम पाण्यात भिजवून भाजलेली असते. गूळ उकळलेल्या रसाचा. बाजारातले ‘कच्चे’ काजूसुद्धा टरफल फोडण्याआधी वाफवलेले किंवा भाजलेले असतात, कारण टरफलातला चीक कातडी भाजतो. दाण्याचं कूट भाजलेल्या दाण्यांचं असतं. त्याऐवजी कच्चे दाणे सात-आठ तास भिजवून जाडसर वाटावेत. नियम किती काटेकोर पाळायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, पण पॅकेजवाला पोहे आणि गूळ घालून ‘शंभर टक्के रॉ’ म्हणत असेल तर ते खोटं आहे.

चवीच्या बाबतीत मात्र कोकण या आहाराला तारून नेतं. सोलकढी मुळातच कच्ची आणि वीगन आहे. एका नारळाचा चव, दीड कप कोमट पाणी, लसणीच्या दोन पाकळ्या आणि अर्धी हिरवी मिरची मिक्सरमधून काढून गाळायचं, मग चवीप्रमाणे तीन-चार चमचे आगळ (कोकमाचा खारा रस) आणि कोथिंबीर. आगळात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ चाखून घालावं. मिक्सर सलग दोन-तीन मिनिटं फिरवला तर भांडं गरम होतं. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबावं. टेट्रापॅकमधलं नारळाचं दूध तापवून भरलेलं असतं, ते चालणार नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळही फोडणी वगळली की नियमात बसते. अर्धी वाटी हरभरा डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची, त्यात पाव वाटी कैरीचा कीस, ओलं खोबरं, मिरची, मीठ. फोडणीवाचून ती निम्मी चव गमावते. किसलेलं आलं घातलं तर थोडी सावरते. पण तीन-चार चमच्यांच्या पुढे जाऊ नये, पोट फुगतंच. केळ्याचं शिकरण नारळाच्या दुधात केलं तर दुधातल्यापेक्षा बरं लागतं, हे आमचं प्रामाणिक मत.

खरी अडचण भुकेची. दोन केळी, चार खजूर, ५० ग्रॅम ओलं खोबरं, ५० ग्रॅम दाणे, ५० ग्रॅम कोरड्या मुगाचे मोड, ४०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम काकडी-गाजर-टोमॅटो एवढं दिवसभरात चावून खाल्लं तरी बेरीज १,२५० कॅलरींच्या आसपास येते. बैठं काम करणाऱ्या बाईची गरज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्याप्रमाणे १,६६० आहे, पुरुषाची २,११०. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकं दुखलं की लोक ‘विष बाहेर पडतंय’ म्हणतात. बहुतेकदा ती भूक असते, नाहीतर बंद झालेला चहा. उपाय म्हणजे खोबरं, दाणे आणि तीळ वाढवणे. काकडी वाढवून काही होत नाही. आठवड्यात उतरलेलं दोन किलो वजनही बरंचसं पाण्याचं असतं. लोणचं-पापड-भाजीतलं मीठ कमी होतं, शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा घटतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. भात-पोळी सुरू झाली की ते परत येतं.

मोडांवर सगळ्यात जास्त लक्ष द्यावं, कारण इथे चूक झाली तर नुसत्या गॅसवर भागत नाही. दमट आणि उबदार जागा मुगाला मानवते तशी जंतूंनाही, आणि जंतू पुष्कळदा बियाण्याबरोबरच येतात. २०११ साली जर्मनीतल्या ई. कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली; तपास मेथीच्या मोडांपाशी पोहोचला. मूग आठ तास भिजवावेत, पाणी पूर्ण निथळून सुती फडक्यात पुरचुंडी बांधावी, दर सहा-आठ तासांनी धुवावी. उन्हाळ्यात बारा तासांत मोड दिसतात, थंडीत दीड दिवसही लागतो. बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यावेत. तीन मजली स्प्राउट मेकर दिसायला छान, पण तळाच्या ताटलीत पाणी साचतं आणि मटकीच्या सालांनी भोकं बुजतात. ते रोज ब्रशने घासायची तयारी नसेल तर उकळत्या पाण्यातून काढलेलं फडकंच बरं. राजम्याला मोड आणून कच्चा खाणं तर सरळ विषबाधेला आमंत्रण आहे. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मोडाने जात नाही, दहा मिनिटं खळखळ उकळूनच जातं.

पालेभाज्या कुठल्या पाण्यावर वाढल्या ते मंडईत कळत नाही. सांडपाण्यावरच्या भाजीबरोबर पट्टकृमीची अंडी पोटात जाऊ शकतात, आणि त्यांतून मेंदूत गाठी होऊन फिट येणारे रुग्ण आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. कोबीचं पान अन् पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली चोळावं. नुसतं मिठाच्या पाण्यात बुडवून खात्री होत नाही. आठवडाभर सोलता येणाऱ्या भाज्यांवर भर द्यावा: काकडी, गाजर, मुळा, नवलकोल. पालकाचे पेलेभर रस रोज नकोत, त्यातलं ऑक्झलेट मुतखड्यांना पोसतं.

दुधीचा रस करायचाच असेल तर आधी तुकडा चाखावा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकावा, साखर-लिंबू घालून कडूपणा झाकू नये. २०१० साली दिल्लीत असा रस पिऊन एक मृत्यू झाल्यावर आयसीएमआरने समिती नेमली होती. कडू रस दुसऱ्या रसांत मिसळू नये आणि पिऊन उलट्या-जुलाब झाले तर ताबडतोब दवाखाना गाठावा, असं तिचं सांगणं आहे.

उपकरणांवर खर्च नको. किसणी, सुरी आणि ७५० वॉटचा मिक्सर एवढ्यात सगळं होतं. स्लो ज्यूसर महाग आणि चोथा बाजूला काढणारा. मग पोट भरायला राहिलं काय? डिहायड्रेटर आठवड्यापुरता घेणं म्हणजे पैसे वाया.

गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांनी कच्चे मोड टाळावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक दिवसही करू नये. शहाळी-केळ्यांतलं पोटॅशियम आणि पाल्यातलं के जीवनसत्त्व तिथे आड येतं.

एवढं वाचूनही विकतचा डबाच हवा असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: मोड कधी काढले, डबा बर्फाच्या पिशवीत येतो का, आणि दिवसाच्या एकूण कॅलरी किती. तिसऱ्याचं उत्तर आकड्यात आलं नाही तर दुसरीकडे बघावं.