हाडाचं इंजेक्शन: झोलेड्रॉनिक घ्यावं का डेनोसुमॅब?

ब्रेस्टचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरला की डॉक्टर बाकीच्या औषधांसोबत एक हाडाचं इंजेक्शन सांगतात आणि मग घरात चर्चा सुरू होते, स्वस्तातलं झोलेड्रॉनिक ॲसिड पुरे का पैसे जमवून डेनोसुमॅब घ्यायचं. महाग म्हणजे कॅन्सरवर जास्त चालणार असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. दोन्ही इंजेक्शनं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात, त्यामुळे फ्रॅक्चर किंवा मणका दबणं लांबणीवर पडतं, पण आयुष्य किती वाढतं ते बघितलं तर दोन्हीत जवळपास सारखंच.

डेनोसुमॅब थोडं सरस आहे हे खरं. 2011 साली आलेल्या प्रोस्टेटच्या मोठ्या अभ्यासात हाडाचा पहिला त्रास यायला झोलेड्रॉनिकवर साधारण 17 महिने लागले आणि डेनोसुमॅबवर साधारण 21. शिवाय 120 मिलीग्रॅमचं इंजेक्शन चामडीखाली दिलं की झालं, सलाईन नको, शीर शोधणं नको, केमोने ज्यांच्या शिरा पार गेल्यात त्यांना विचारा ह्याची किंमत. पण ते दर 4 आठवड्यांनी लागतं, आणि मधेच बंद केलं तर हाडं झपाट्याने विरळ होऊन मणक्यांचे फ्रॅक्चर होऊ शकतात, म्हणून दोनतीन महिने घेऊन पैसे संपले की थांबवू असा विचार असेल तर सुरूच करू नका.

झोलेड्रॉनिक 4 मिलीग्रॅम, सलाईनमधून कमीत कमी 15 मिनिटं. पहिल्या डोसनंतर एकदोन दिवस ताप, अंगदुखी येते, घाबरायचं नाही, पॅरासिटामॉलने निभावतं. ह्याची मोठी जमेची बाजू म्हणजे 2017 च्या अभ्यासात दर 4 आठवड्यांऐवजी दर 12 आठवड्यांनी दिलं तरी 2 वर्षांत हाडाच्या तक्रारी तेवढ्याच निघाल्या. गावाकडून एसटीने येणाऱ्या पेशंटला हा फरक केवढा आहे, तरी हे स्वतःहून विचारावं लागतं, तेव्हा नक्की विचारा.

खरा निर्णय किडनीवर होतो. झोलेड्रॉनिक किडनीवर ताण आणतं, प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघायचं, आणि क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती रक्त साफ करते तो आकडा, मिनिटाला 30 मिलीलीटरच्या खाली असेल तर ते देत नाहीत. तिथे डेनोसुमॅब चालतं पण अशाच पेशंटचं कॅल्शियम त्याने धोकादायक खाली जाऊ शकतं, म्हणून रक्त तपासत राहायचं. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बहुतेकांना दोन्हीसोबत लागतं. दातांचं तर आधीच उरकून घ्या, किडलेला दात काढायचा असेल तर इंजेक्शनच्या आधी, कारण दोन्हींमुळे क्वचित जबड्याचं हाड मरतं आणि ते दुखणं फार चिवट असतं.

माझं मत विचाराल तर किडनी चांगली असेल तर झोलेड्रॉनिक, आणि डॉक्टर हो म्हणाले तर 12 आठवड्यांनी. किडनी अधू असेल किंवा शिराच मिळत नसतील आणि खर्च पुढेही झेपणार असेल तर डेनोसुमॅब.

एकाच जागी असह्य दुखत असेल तर मात्र इंजेक्शनच्या भरवशावर बसू नका, त्याला रेडिएशन लागतं, आणि तिथे 8 ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) एकच डोस 10 दिवसांच्या कोर्सइतकाच आराम देतो, फक्त परत द्यायची वेळ जास्त जणांवर येते. पाठदुखीसोबत पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.