वीट, टक्कर की कोरा चेहरा: सामूहिक लेखनासाठी मोंताजच्या पद्धती

चार-पाच जणांनी मिळून प्रयोगशील मजकूर लिहायचे ठरवले, की प्रत्येकाचे तुकडे एकमेकांना कसे जोडायचे हे आधी ठरवावे लागते, आणि १९२०च्या दशकातील सोव्हिएत चित्रपट-दिग्दर्शकांमध्ये मोंताजवरून, म्हणजे शॉट एकमेकांना कसे जोडावेत यावरून, झालेला वाद येथे उपयोगी पडतो. पुदोव्किन शॉटकडे विटेसारखे पाहत. वीट विटेवर चढली की कथन उभे राहते. आयझेनस्टाइन यांना दोन शॉटची टक्कर हवी होती, जिच्यातून दोहोंतही नसलेला तिसरा अर्थ निघावा. १९२९च्या निबंधात त्यांनी त्यासाठी चक्क चिनी-जपानी चित्रलिपीचा दाखला दिला: डोळा आणि पाणी यांची चिन्हे शेजारी आली, की ‘रडणे’.

विटांची पद्धत नवख्या गटाला सोयीची आहे. आधीच्या लेखकाने सोडलेली वस्तू किंवा हालचाल पुढचा उचलतो, सांधा निखळला तर तो लगेच दिसतो. मात्र सर्वांचे आवाज हळूहळू एकसारखे होतात.

टकरीची पद्धत दिसते तितकी मोकळी नाही. अतिवास्तववाद्यांच्या (सर्रिअलिस्ट कलावंतांच्या) घडी घातलेल्या कागदाच्या खेळात प्रत्येक जण एक शब्द लिही, आधीचा शब्द झाकलेला असे, पण वाक्याचा साचा ठरलेला असे. तसे काहीच कायम नसेल, तर तुकडे आदळत नाहीत, नुसते शेजारी पडून राहतात. शिवाय शॉट दोन सेकंदांत संपतो, परिच्छेदाला मिनिट लागते, आणि तेवढ्यात टकरीची धार बोथट होते. म्हणून तुकडे आखूड हवेत आणि गोळीबंद शेवटाचे वाक्य निर्दयपणे कापलेले बरे.

माझा कल त्याच काळातील सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव यांच्या प्रयोगाकडे आहे. नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला, की प्रेक्षकाला त्यावर वेगवेगळे भाव दिसतात. ‘तो खिडकी लावून परत आला’ हे एकच वाक्य प्रत्येक लेखकाच्या तुकड्यानंतर जसेच्या तसे ठेवून पाहावे. त्यात भावनेचा एकही शब्द नसावा, ही अट मात्र कडक पाळावी.

टक्कर निवडणाऱ्यांनी क्रम मतदानाने लावू नये, कारण बहुमत नेहमी गुळगुळीत सांध्याच्या बाजूने पडते. एकाला संकलक नेमावे. तसा कोणी सर्वांना मान्य नसेल, तर विटाच बऱ्या. आणि नेमलेल्या संकलकाने स्वतःच्या तुकड्याची जागा दुसऱ्याला ठरवू द्यावी.