केंब्रिज डिजिटल लायब्ररीवरचं कोडेक्स झॅकिन्थियस : जरूर बघा

जुन्या पोथ्यांची आवड असेल तर हे बघाच, आणि फुकट आहे. ही बायबलची ग्रीक पोथी म्हणजे एकात दोन पुस्तकं आहेत. साधारण 1300 वर्षांपूर्वी कोणीतरी चर्मपत्रावर लूकचं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूचं एक चरित्र) लिहिलं, मग बाराव्या शतकाच्या सुमारास ती शाई खरवडून, पानं दुमडून त्यावर चर्चमध्ये वाचायचे उतारे लिहिले. नुसत्या डोळ्यांना वरचंच दिसतं, खालचं जेमतेम.

तरी ट्रेगेलिस नावाच्या अभ्यासकाने खालचा लूक वाचून 1861 मध्ये छापला, कॅमेऱ्याशिवाय! आता अतिनील ते अवरक्त अशा वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढून, कॉम्प्युटरवर प्रोसेस करून खालची अक्षरं वर आणलीयेत. हे काम बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या टीमबरोबर झालं. साधा फोटो आणि हा फोटो एकामागोमाग बघा, जिथे काहीच नव्हतं तिथे ओळीच्या ओळी दिसायला लागतात, मी तर एका पानावर बराच वेळ अडकलो.

मला सगळ्यात भारी वाटली ती मांडणी. मधे मूळ मजकूर आणि तीन बाजूंनी भाष्य, आपल्या सटीप पोथीत मूळ मधे आणि टीका वर-खाली असते ना तसंच. आणि भाष्य तरी कोणाचं, त्यात अँटिओकच्या सेव्हेरसचे उतारे आहेत, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेला धर्मगुरू, ज्याची पुस्तकं 536 मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनने जाळायला सांगितली होती! हुकूम निघून गेला, पण कोणीतरी त्याचं म्हणणं लूकच्या शेजारी जपून लिहून ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं.

पोथी ग्रीसच्या झाकिन्थॉस बेटावरची, नावही त्यावरूनच, 1820 मध्ये जनरल कॉलिन मेकॉलेंना भेट मिळाली. हे त्रावणकोर संस्थानात इंग्रजांचे रेसिडेंट (प्रतिनिधी) होते आणि शिक्षणवाल्या लॉर्ड मेकॉलेंचे सख्खे काका. पुढे ती बायबलचा प्रसार करणाऱ्या बायबल सोसायटीकडे गेली, 2014 मध्ये केंब्रिजने 11 लाख पौंडांना घेतली.

मोबाईलवर नको, लॅपटॉपवर बघा, झूम करायला मोठी स्क्रीन लागते. शेजारी मराठी बायबलमधला लूक उघडून ठेवा, 11व्या अध्यायापर्यंतच पुरेल, त्यापुढची पानं उरलेली नाहीत.