जबड्याच्या हाडाचे कलम: स्वतःचे, दात्याचे, प्राण्याचे की कृत्रिम?

"हाड कमी आहे, इम्प्लांटपूर्वी बोन ग्राफ्ट करावा लागेल," म्हणजे कृत्रिम दाताचा स्क्रू बसवण्याआधी जबड्यात हाडाची भर घालावी लागेल, असे दंतवैद्याने सांगितले की रुग्णापुढे एकाच वेळी चार-पाच पर्याय येतात, आणि त्यांच्यातील फरक तपासणीच्या खुर्चीत बसून समजून घेण्याइतका वेळ क्वचितच मिळतो. दादरच्या दवाखान्यात एक मत आणि ठाण्याच्या दवाखान्यात दुसरे, असा अनुभव अनेकांना येतो. बहुतेकदा त्यांतले कोणतेही मत चूक नसते. प्रत्येक शल्यचिकित्सकाचा हात एका सामग्रीवर बसलेला असतो आणि तो तीच सुचवतो. निर्णय घेणाऱ्याने मात्र सामग्रीच्या नावापासून नव्हे, तर आपल्या जबड्यातील उणिवेच्या आकारापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जखम भरण्यावरील संशोधनही त्याच दिशेने बोट दाखवते.

दात काढल्यावर त्याची खोबणी आपोआप भरते. आधी रक्ताची गुठळी, मग नाजूक ऊती, मग कच्चे विणलेले हाड आणि शेवटी पक्के थरदार हाड, असा हा क्रम असतो. परंतु खोबणी आतून भरत असताना तिची बाहेरची, म्हणजे गालाकडची भिंत खचते, कारण त्या पातळ भिंतीचा बराचसा भाग दाताच्या मुळाशी जोडलेला असतो आणि दात गेला की त्याचे प्रयोजन संपते. अरौझो आणि लिंढे या दंतसंशोधकांनी 2005 मध्ये कुत्र्यांवरील अभ्यासात ही प्रक्रिया नेमकेपणाने दाखवली. माणसांवरील अभ्यासांच्या 2012 च्या एका एकत्रित आढाव्यात पहिल्या सहा महिन्यांत हाडाची रुंदी 29 ते 63 टक्के आणि उंची 11 ते 22 टक्के कमी होते असे दिसले. खोबणी लगेच भरून घेतली तर ही झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. आणि कोणती सामग्री त्यासाठी सर्वांत चांगली, याविषयीचा पुरावा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या आढाव्यानेही कमकुवत ठरवला आहे. म्हणून कलमाच्या दाण्यांची एखादी विशिष्ट बाटली "एक नंबर" आहे असे कोणी ठामपणे सांगत असेल, तर त्या ठामपणामागे पुरावा किती आहे हे विचारायला हरकत नाही.

कलमाकडून तीन प्रकारच्या कामांची अपेक्षा असते. पहिले, जिवंत पेशी आणून स्वतः हाड तयार करणे. दुसरे, आजूबाजूच्या पेशींना हाड बनवण्याचा संदेश देणे. खनिज काढून टाकलेल्या हाडात ही शक्ती असते हे अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखवले आणि पुढे त्यामागची प्रथिने ओळखली गेली. तिसरे, वेलीला मांडव मिळावा तसा नव्या हाडाला चढण्यासाठी आधार देणे. तिन्ही कामे करणारे एकच हाड आहे, ते म्हणजे रुग्णाचे स्वतःचे. दात्याच्या हाडाकडून तिसरे काम पुरेपूर आणि दुसरे थोडेफार होते. प्राण्याचे हाड आणि कृत्रिम दाणे प्रामुख्याने मांडवच असतात.

तरीही प्रत्येकाला स्वतःचेच हाड का घेऊ नये, याचे उत्तर ते काढण्याच्या जागेत आहे. तोंडातच हनुवटीचा भाग किंवा अक्कलदाढेमागचा जबड्याचा कोपरा उपलब्ध असतो. हनुवटीतून हाड घेतल्यावर खालच्या पुढच्या दातांना आणि ओठाखालच्या भागाला काही काळ, क्वचित कायमची, बधिरता येऊ शकते. अक्कलदाढेमागचे हाड घेताना हा त्रास कमी होतो, पण खालच्या जबड्यातून जाणारी नस जवळ असल्याने आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, पाहणे आवश्यक ठरते. जास्त हाड लागले तर कमरेच्या हाडाकडे वळावे लागते. तेथे भूल पूर्ण, रुग्णालयात मुक्काम, आणि त्यानंतर काही आठवडे चालताना दुखणे. शिवाय कमरेचे हाड जबड्यावर ठोकळ्याच्या रूपात बसवले तर ते तोंडातील हाडाच्या तुलनेत अधिक झिजते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे "स्वतःचे ते सर्वोत्तम" हे जैविकदृष्ट्या खरे असले, तरी त्याची किंमत शरीराच्या दुसऱ्या भागाला मोजावी लागते, आणि लहान खड्ड्यासाठी ती मोजणे योग्य नाही. अलीकडे रुग्णाचाच काढलेला दात स्वच्छ करून, दळून त्याचे दाणे खोबणीत भरण्याचीही पद्धत आली आहे. तिचे निष्कर्ष आशादायक आहेत, पण रूट कॅनाल केलेला किंवा फार किडलेला दात त्यासाठी सहसा चालत नाही.

दात्याच्या हाडाबाबत मुंबईकरांना एक सोय घराजवळ आहे, जी अनेकांना ठाऊक नसते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून ऊतिपेढी चालते. तेथे दात्यांकडून मिळालेले हाड तपासून, गोठवून वाळवले जाते आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. जखमेवर लावण्यासाठी गर्भाभोवतीच्या पडद्याच्या पट्ट्याही तेथे तयार होतात. भारतात मानवी ऊतींचा समावेश अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात 2011 च्या दुरुस्तीने झाला, त्यामुळे ऊतिपेढीची नोंदणी बंधनकारक आहे, आणि आपल्याला बसवले जाणारे हाड कोणत्या पेढीतून आले हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. या हाडाची मर्यादा अशी की हाड बनवण्याचा संदेश देण्याची त्याची शक्ती दात्याच्या वयानुसार आणि प्रक्रियेनुसार बदलते. दोन बाटल्यांवरचे नाव एक असले तरी आतील ताकद एक असेलच असे नाही. काही रुग्णांना दुसऱ्या माणसाचे, विशेषतः मृत दात्याचे, हाड स्वीकारणे मनाला पटत नाही. ही भावना क्षुल्लक समजू नये. ती शस्त्रक्रियेपूर्वीच बोलून दाखवावी.

प्राण्याच्या हाडाबद्दल तर हे दुप्पट खरे आहे. जगभर सर्वाधिक अभ्यासली गेलेली दंतवैद्यकीय कलम-सामग्री गोवंशाच्या हाडापासून बनवलेली आहे, आणि त्यावर अंथरायचा कोलेजनचा पडदा अनेकदा डुकरापासून बनतो. सेंद्रिय भाग काढून केवळ खनिज उरवलेले असते हे खरे. पण हिंदू, जैन, मुस्लिम आणि शाकाहारी कुटुंबांनी भरलेल्या या शहरात रुग्णाला स्रोत न सांगता ते वापरणे मला अयोग्य वाटते. संमतीपत्रकावर केवळ "बोन ग्राफ्ट" इतकेच लिहिलेले असेल तर सही करण्याआधी दाण्यांचा आणि पडद्याचा, दोन्हींचा स्रोत लिहून मागावा. पडद्याची चौकशी बहुतेक जण विसरतात. वैद्यकीय गुणांच्या बाजूने पाहता हे दाणे अतिशय सावकाश विरघळतात; कित्येक वर्षांनंतरही ते नव्या हाडात गुंतलेले सापडतात. आकार टिकवायचा असेल तेथे हा गुण आहे, आणि जेथे सगळे हाड आपलेच, जिवंत असावे अशी अपेक्षा असेल तेथे ही उणीव आहे.

कृत्रिम दाण्यांत बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सिअपॅटाइट, या दोहोंचे मिश्रण आणि जैवसक्रिय काच हे मुख्य प्रकार. पहिला साधारण वर्षभराच्या आसपास विरघळतो, दुसरा फार सावकाश. म्हणून मिश्रणात दोघांचे प्रमाण बदलून वेग राखता येतो. स्रोताचा प्रश्न उरत नाही, दात्याकडून किंवा प्राण्याकडून संसर्ग येण्याची शंका उरत नाही, भारतीय उत्पादने उपलब्ध असल्याने खर्चही अनेकदा आटोक्यात राहतो. ज्यांना धार्मिक किंवा वैयक्तिक कारणाने प्राण्याचे हाड नको, त्यांना दुय्यम दर्जाचे काही घ्यावे लागते असे समजण्याचे कारण नाही, निदान लहान उणिवांसाठी तरी नाही.

आता हेच पर्याय प्रत्यक्ष परिस्थितींत शेजारी-शेजारी ठेवून पाहू, कारण खरा निर्णय येथे होतो.

खोबणीच्या चारही भिंती शाबूत असतील, तर सामग्रीचा फरक सर्वांत कमी पडतो. सभोवतालच्या भिंतींतूनच पेशी आणि रक्तवाहिन्या आत येतात; दाण्यांनी फक्त जागा धरून ठेवायची असते. येथे कृत्रिम किंवा दात्याचे हाड पुरेसे आहे, आणि मागच्या दाढेच्या जागी जाड भिंती असतील तर काहीच न भरता तीन-चार महिने थांबणे हाही एक सन्माननीय पर्याय आहे. पुढच्या वरच्या दातांत मात्र गालाकडची भिंत कित्येकदा 1 मिलिमीटरहूनही पातळ असते आणि हसताना ती जागा दिसते. तेथे सावकाश विरघळणारे दाणे आणि पडदा यांना मी झुकते माप देईन.

वरच्या जबड्यात मागे, सायनसखाली (म्हणजे गालाच्या हाडातील हवेच्या पोकळीखाली) हाड कमी असेल तर सायनसचे अस्तर उचलून खाली कलम भरतात. ही जागा बंदिस्त असते, त्यामुळे तेथे प्राण्याच्या किंवा कृत्रिम दाण्यांवर बसवलेले इम्प्लांट स्वतःच्या हाडावर बसवलेल्यांइतकेच टिकतात असे एकत्रित आढाव्यांत दिसते. केवळ सायनससाठी कमरेतून हाड काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसरे मत अवश्य घ्यावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की मूळ हाडाची उंची 5-6 मिलिमीटर असेल तर आखूड इम्प्लांटने काम भागेल का. पाच वर्षांपर्यंतच्या तुलनात्मक अभ्यासांत दोन्ही पद्धतींचे टिकण्याचे प्रमाण जवळपास सारखे आहे, आणि आखूड इम्प्लांटमध्ये एक शस्त्रक्रिया वाचते. सायनसची शस्त्रक्रिया केलीच, तर काही आठवडे नाक जोरात शिंकरू नये, शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी, विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच करावा, आणि रोज सकाळी कपालभाती किंवा जलनेती करणाऱ्यांनी ती थांबवावी. हे शेवटचे डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाहीत.

हाडाची कडाच अरुंद झाली असेल, म्हणजे आधाराला एकच भिंत उरली असेल, तर नुसते दाणे घसरतात. येथे तोंडातीलच हाडाचा ठोकळा, किंवा स्वतःचे कुस्करलेले हाड आणि प्राण्याचे दाणे यांचे मिश्रण पडद्याखाली घट्ट बसवणे, या दोन वाटा उरतात. मिश्रणात स्वतःचे हाड जिवंत पेशी आणि संदेश देते, दाणे आकार धरतात. माझ्या मते बहुतेकांसाठी हा मध्यममार्ग अधिक शहाणपणाचा आहे. उंची वाढवायची असेल तर प्रकरण सर्वांत कठीण, आणि ते शल्यचिकित्सकाच्या अनुभवावर सामग्रीपेक्षा कितीतरी अधिक अवलंबून असते. वरची हिरडी ताण न येता बंद झाली नाही आणि टाके उसवले, तर उत्तमोत्तम कलमही संसर्गाने जाते.

कर्करोगामुळे जबड्याचा तुकडा काढलेल्या रुग्णांची परिस्थिती या सर्वांहून वेगळी आहे. उणीव साधारण 6 सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा त्या भागाला किरणोपचार मिळाले असतील, तर बाटलीतील कोणतेही हाड उपयोगाचे नाही. स्वतःच्या रक्तवाहिन्यांसह उचललेले हाड लागते. पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड, फिब्युला, यासाठी शल्यचिकित्सक हिडाल्गो यांनी 1989 मध्ये जबड्याकरिता वापरले आणि आज तीच प्रमुख पद्धत आहे, कारण तेथून 20 सेंटिमीटरहून लांब हाड मिळू शकते आणि पुढे त्यात इम्प्लांटही बसतात. केवळ धातूच्या पट्टीवर जबडा जोडणे ही छोटी शस्त्रक्रिया आहे, परंतु वर्षांनंतर पट्टी तुटण्याचा किंवा त्वचेतून बाहेर येण्याचा धोका राहतो. वयोवृद्ध, अशक्त रुग्णात ती निवड समजण्यासारखी आहे.

दवाखान्यात आणखी दोन गोष्टी जोडून सुचवल्या जातात. रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेले पीआरएफ (रक्तबिंबिकांनी भरलेले फायब्रिनचे जाळे) 2001 मध्ये डॉ. शुक्रुन यांनी फ्रान्समध्ये मांडले. त्याने हिरडी लवकर जुळते आणि अक्कलदाढ काढल्यानंतरच्या वेदना कमी होऊ शकतात. हाड अधिक बनते याचा पुरावा मात्र बळकट नाही. खर्च माफक असेल तर घ्यायला हरकत नाही, पण ते कलमाची जागा घेत नाही. दुसरे, प्रयोगशाळेत बनवलेले बीएमपी-2 हे हाड बनवण्याचा संदेश देणारे प्रथिन. अमेरिकेत त्याला 2007 मध्ये सायनस आणि खोबणीच्या कलमासाठी मान्यता मिळाली. ते हाड खरोखर बनवते, परंतु सूज मोठी येते आणि किंमत फार जास्त असते. सामान्य इम्प्लांटसाठी त्याची गरज मला दिसत नाही.

कोणतेही कलम निवडा, ते रुजते शरीराच्या स्थितीवर. बिडी-सिगारेट तर सोडावीच, पण तंबाखूची मिश्री लावणाऱ्या स्त्रिया "आम्ही तंबाखू खात नाही" असे उत्तर देतात आणि डॉक्टर तेवढ्यावर थांबतात. जखमेजवळचा तंबाखू तोच असतो. मधुमेह असल्यास गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल आधी पाहावा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट घेत असाल तर ते सांगावे, कारण 2003 पासून या औषधांचा जबड्याचे हाड मृत होण्याशी संबंध नोंदवला गेला आहे. आठवड्याच्या गोळीत हा धोका कमी, कर्करोगासाठी शिरेतून दिलेल्या औषधात कितीतरी अधिक. ते औषध स्वतःहून बंद मात्र करू नये. किरणोपचार होणार असतील तर खराब दात ते सुरू होण्यापूर्वीच काढून घ्यावेत. नंतर दात काढताना जबड्याचे हाड मृत होऊ नये म्हणून उच्च दाबाच्या प्राणवायूची सत्रे घेण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई, परंतु 2019 च्या ब्रिटनमधील चाचणीत त्याचा प्रतिबंधक उपयोग दिसला नाही.

दुसऱ्या मतासाठी मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय ही दोन सार्वजनिक ठिकाणे आहेत; रांग मोठी असते, म्हणून सकाळी लवकर जावे आणि सीबीसीटीचा केवळ कागदी अहवाल नव्हे तर मूळ फाइल सोबत न्यावी, कारण हाडाच्या भिंती त्या फाइलमध्येच नीट दिसतात. शस्त्रक्रिया झाल्यावर कलमाच्या बाटलीवरील आणि पडद्याच्या वेष्टनावरील उत्पादन क्रमांकाचा स्टिकर मागून आपल्या कागदपत्रांत चिकटवून ठेवावा. पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला एक्स-रेमध्ये न विरघळलेले दाणे दिसले, तर ते काय आहेत हे त्यावरूनच कळेल.