पेन पडलं, वाकलो, बघितलं, तरी फसलो

ऑफिसच्या मीटिंग रूमसाठी टच कंट्रोलर (मीटिंग सुरू करायचा टेबलावरचा टचस्क्रीन) घ्यायचे होते. डेमोच्या दिवशी माझं पेन खाली पडलं. उचलायला वाकलो तर कंट्रोलरची केबल टेबलाखालून थेट विक्रेत्याच्या बॅगेत गेलेली. चेन अर्धी उघडी, आत लॅपटॉपचा दिवा लुकलुकतोय. विचारलं नाही असं नाही. "सर, आजपुरती सोय आहे. फायनलला एकच केबल, पीओईवर." म्हणजे वीज आणि नेटवर्क दोन्ही एकाच केबलमधून. वर एका बोटात मीटिंग सुरू झाली, साहेब खूश, मीही मान डोलावली. ते अर्धं मिनिट आठवलं की अजून कानशिलं तापतात.

कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: नेटवर्कवर चालणारा कंट्रोलर, ३ नग. आले यूएसबीवाले. खोलीत वेगळा कॉम्प्युटर असेल तर ते झकास चालतात. आमच्याकडे नुसता अँड्रॉइडचा व्हिडिओबार (कॅमेरा, माइक, स्पीकर एकाच पट्टीत, वेगळा कॉम्प्युटर नाही), त्याला कंट्रोलर नेटवर्कवरूनच जोडायचा. आणि वरून फरक कळत नाही हो! लॉजिटेकचे टॅप आणि टॅप आयपी शेजारी ठेवून बघा, दोन्ही १०.१ इंची, पहिला यूएसबीने कॉम्प्युटरला, दुसरा थेट नेटवर्कला. त्यात यूएसबी लांब न्यायच्या एक्स्टेंडरची केबल असते कॅटची, म्हणजे नेटवर्कला वापरतात तीच, टोकाला नेटवर्कचाच प्लग. नेटवर्कच्या स्विचमध्ये खटकन बसते. पुढे काही होत नाही.

मॉडेलचं नाव वाचू नका, पूर्ण नंबर जुळवा, तोही खोकं फोडण्याआधी.

मग सिरियल नंबर उत्पादकाच्या साइटवर टाकले. दोघांची वॉरंटी १४ महिन्यांपूर्वीच संपलेली, तिसऱ्याचं स्टिकर खरवडलेलं. 'सीलबंद' मालाच्या काचेवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते.

पैसे? ७० टक्के आगाऊ, २० टक्के माल पोचल्यावर. उरले १०. तेवढ्यासाठी कोण फोन उचलतो? बसवून, चालवून दाखवेपर्यंत निम्मे तरी हातात ठेवा.

उत्पादकाला लिहिलं, उत्तर आलं की तो आमचा अधिकृत विक्रेताच नाही. (हे ऑर्डरआधी एका मेलवर कळलं असतं, मान्य.) पोलिसांत दोन तास बाकावर बसलो. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी प्रकरण आहे." पीओई म्हणजे काय ते समजावत होतो, तर समोरचा म्हणाला, "म्हणजे टॅबच ना? चालू होतो ना?" चालू होतो! चालू होतो हाच तर घोळ आहे! बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारवाल्यांनी व्यावसायिक खरेदी म्हणून अर्ज परत केला. ४१ दिवस, चार दारं, हातात एक पोच, तीही बँकेची.

ऑफिसात सगळे माझ्याकडेच बघतात. अहो, तीन कोटेशनं मागवून सर्वात कमीचं घ्यायचं हा नियम मी केलाय का? टीम्स आणि झूमच्या प्रमाणित उपकरणांच्या यादीतही मी पाहिलं होतं. मॉडेल यादीत होतंच, फक्त खोक्यात नव्हतं.

डेमो घ्याल तर आपल्या खोलीत, आपल्या स्विचवर, आणि त्याची बॅग दाराबाहेर.

काल त्याचा मेल आला, उरलेल्या १० टक्क्यांचं स्मरणपत्र. अकाउंट्सने तो मला फॉरवर्ड केलाय: "कधी सोडायचे?"